आईबापांची शाळा

पुण्याहून सोलापूरकडे जाताना दौंड तालुक्यात पाटस लागते. एका बाजूला महामार्ग, दुसरीकडे लोहमार्ग, मधुकरनगरला भीमा सहकारी साखर कारखाना आणि चहूकडे ऊस. काही वर्षांपूर्वी तेथील थांब्यावर एसटीची वाट पाहत असताना एक अगदी सामान्य प्रसंग पाहिला. चार-पाच वर्षांचा एक मुलगा दुकानात टांगलेल्या वेफर्सच्या पुड्यासाठी हट्ट करीत होता. आई "नाही" म्हणाली. त्याने भोकाड पसरले. आईने दुसऱ्यांदा, जरा मोठ्याने, "नाही" म्हटले. तो जमिनीवर लोळला, पाय झाडू लागला. आईने पाठीत एक धपाटा घातला. आवाज आणखी चढला. तेव्हा सोबतची आजी म्हणाली, "दे गं बाई, लोकं बघत्यात." पुडा आला, रडे थांबले. शेजारच्या बाकावरील गृहस्थांनी निकाल दिला, "लई लाडावलंय पोरगं."

हा निकाल आपल्याकडे फार जुना आहे. पोर लाडावले म्हणजे दोष पोराचा, किंवा फार तर आईचा. परंतु त्या पाच मिनिटांत तेथे नेमके काय घडले, कोण कोणाकडून काय शिकले, हा प्रश्न त्या गृहस्थांना पडला नाही. मलाही तेव्हा पडला नव्हता. पुढे थोडे वाचन झाल्यावर लक्षात आले की, मुलाचे वागणे बदलायचे तर आधी आईबापांना काही शिकवावे लागते, ही कल्पना स्वतःच मोठ्या प्रवासानंतर आपल्यापर्यंत आली आहे. त्या प्रवासातील काही महत्त्वाचे टप्पे मराठी मुलखातच आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा मागोवा घेण्याचा विचार आहे.

प्रारंभ कायद्यापासून करू, कारण बिघडलेल्या मुलाविषयी पहिला सार्वजनिक विचार आपल्याकडे कायद्याने केला. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ साली निघाली. पुढे सुधारशाळांचा कायदा १८७६ साली झाला आणि १८९७ साली तो नव्याने करण्यात आला. या १८९७ च्या कायद्यात एक लक्षणीय तरतूद होती. गुन्हा केलेल्या मुलाला सुधारशाळेत न धाडता न्यायालय त्याला समज देऊन सोडू शके, किंवा आईबापांच्या स्वाधीन करू शके. मात्र त्यासाठी आईबापांना बंधपत्र लिहून द्यावे लागे, की यापुढे बारा महिन्यांपर्यंत मुलाच्या चांगल्या वर्तणुकीस आम्ही जबाबदार राहू.

या बंधपत्राचा अर्थ नीट पाहावा. मुलाचे वागणे घरात घडते आणि म्हणून घरातच बदलू शकते, हे सरकारने मान्य केले होते. त्याची जबाबदारीही आईबापांवर टाकली होती. परंतु त्या आईबापाने घरी जाऊन नेमके काय करावयाचे, याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नव्हते. पोटाच्या पोराला वळण लावणे ही विद्या प्रत्येकाला उपजतच येते आणि ज्याला येत नाही तो हयगय करतो, असे त्यामागचे गृहीत होते. १९२४ साली मुंबई इलाख्याचा मुलांसाठीचा वेगळा कायदा आला, १९२७ साली मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. मुलाकडे गुन्हेगार म्हणून न पाहता मूल म्हणून पाहण्याची दृष्टी हळूहळू रुजली. आईबाप मात्र पूर्वीइतकेच जबाबदार आणि पूर्वीइतकेच अशिक्षित राहिले.

त्याच सुमारास पाटसपासून थोड्याच अंतरावर वेगळे काही चालले होते. रेल्वेने दौंडकडे जाताना केडगाव, मग कडेठाण आणि त्यानंतर पाटस असा क्रम लागतो. केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन उभे राहिले ते १८९६-९७ च्या दुष्काळाच्या सुमारास. अमेरिकेतील वास्तव्यात रमाबाईंनी फिलाडेल्फिया येथे फ्रोबेलच्या किंडरगार्टन पद्धतीचा रीतसर अभ्यास केला होता. लहान मुलांना हाताळणे ही प्रशिक्षण घेऊन शिकण्याची गोष्ट आहे, हे त्यांनी स्वतः विद्यार्थिनी होऊन मान्य केले होते. दुष्काळाने आईबापांवेगळ्या झालेल्या शेकडो मुली त्यांच्याकडे आल्या. ज्या मुलींना घरच उरले नव्हते त्यांच्यासाठी घर उभारणाऱ्या बाईने मुलांना वाढवण्याचे शिक्षण घेतलेले असावे, आणि पंचक्रोशीतील सनाथ घरांत मात्र तो विचारही पोचू नये, हा विरोधाभास मला या टापूच्या इतिहासात विशेष बोलका वाटतो.

मराठी मनावर मात्र ठसा उमटला तो वेगळ्याच आईचा. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' १९३५ साली प्रसिद्ध झाली. त्या आईचे थोरपण वादातीत आहे. पण पोहायला जायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला ती बाहेर काढते ते फोकाने मारून, आणि नंतर त्याच पाठीवरून मायेने हात फिरवते, हेही आपण सर्वांनी वाचले आहे. त्या प्रसंगातून पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांनी काय उचलले? मार प्रेमापोटी असला की तो संस्कार होतो, असे उचलले. शिवाय आणखी एक गोष्ट नकळत उचलली गेली. चांगली आई ही जन्मतःच चांगली असते. ती कोठे शिकत नाही, चुकत नाही, कोणाला विचारत नाही. आदर्शाचा हा एक तोटा असतो. आदर्शापुढे नमस्कार करता येतो, पण त्याला शंका विचारता येत नाही. बालभारतीच्या धड्यांतून वाढलेल्या किती आयांनी आपल्या हट्टी पोरासमोर हतबल होताना स्वतःला त्या आईशी ताडून पाहिले असेल आणि मनातल्या मनात हार मानली असेल!

या गृहीताला पहिला मोठा छेद गेला तो भावनगरहून. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्तीचे बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक १९२३ च्या सुमारास तेथे गेल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाच्या 'शिक्षणपत्रिके'ची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालवली. गिजुभाईंनी आईबापांसाठी गुजरातीत जे पुस्तक लिहिले त्याच्या नावाचाच अर्थ 'आईबाप होणे अवघड आहे' असा होतो. मला वाटते, या एका शीर्षकाने १८९७ चे बंधपत्र मोडीत काढले. अवघड आहे असे म्हटले की ते शिकावे लागते, आणि शिकावे लागते असे म्हटले की न येणे हा गुन्हा राहत नाही.

गिजुभाई आणि ताराबाईंच्या विचारात बक्षीस आणि शिक्षा या दोहोंना सारखाच नकार होता. मूल खोडकर नसते, त्याच्या हाताला काम नसते. त्याच्या मापाचे, त्याच्या आवडीचे काम त्याला द्या, म्हणजे खोड्या आपोआप गळून पडतील, अशी ही माँटेसरींशी नाते सांगणारी भूमिका. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढले. तेथे येणारी मुले पांढरपेशांची होती. पालक वाचणारे होते आणि पत्रिका घरी येत होती.

खरी कसोटी पुढे लागली. १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या आणि ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू झाले. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. अनुताईंचा जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यातील मोरगावचा, म्हणजे पाटसपासून फार दूर नव्हे. बालवयात वैधव्य आलेल्या या बाईने पुढे सारे आयुष्य आदिवासी मुलांना दिले. १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे दादरची पद्धत जशीच्या तशी चालण्यासारखी नव्हती. मुले येत नव्हती, कारण कोणी गुरे राखत होते, कोणी धाकटे भावंड कडेवर घेऊन फिरत होते. मुले शाळेला येत नाहीत यात त्यांची खोड काय आहे, असे या दोघींनी विचारले नाही. त्यांनी बालवाडी पाड्याच्या अंगणात नेली, शाळा कुरणात नेली आणि भावंडांसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र करून विकासवाडी उभारली. अंगणात बालवाडी भरली की आई, आजी, शेजारीण दारात उभ्या राहून पाहतात. मुलाशी कसे बोलावे, ते चिडले तर काय करावे, हे त्यांना व्याख्यानाशिवाय दिसते. पालकशिक्षणाचा हा प्रकार कोणत्याही पुस्तकात बसत नाही, पण मला तो सर्वांत अस्सल वाटतो.

दुसरा प्रवाह दवाखान्याचा. मुंबईत नागपाड्याला १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली, आणि १९३७ साली तिने भारतातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. हट्टी, चोरी करणारी, शाळा चुकवणारी, अंथरूण ओले करणारी मुले तेथे येऊ लागली. मुलाबरोबर आईबापांशी बोलणे हा या केंद्रांच्या कामाचा भाग होता. परंतु त्या काळच्या मानसशास्त्राचा कल कारण शोधण्याकडे, आणि कारण शोधता शोधता आईवर येऊन थांबण्याकडे होता. या कलाचे टोक पाश्चात्त्य देशांत गाठले गेले. स्वमग्नता आईच्या थंडपणामुळे होते, असे काही तज्ज्ञांनी ठासून सांगितले. ते साफ चूक होते हे आज सर्वमान्य आहे. पण तोवर असंख्य आयांनी तो कलंक वाहिला. म्हणून एक भेद येथेच स्पष्ट केला पाहिजे. आईबापांना शिकवणे म्हणजे आईबापांना दोषी ठरवणे नव्हे. मधुमेह झालेल्या मुलाच्या आईला इन्शुलिन टोचायला शिकवतात, तेव्हा मधुमेह तिच्यामुळे झाला असे कोणी म्हणत नाही.

हा भेद ज्यांनी व्यवहारात आणला ते वर्तनवादी. १९५९ साली विल्यम्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. एकवीस महिन्यांचे एक मूल, बराच काळ आजारी होते म्हणून घरच्यांनी फुलासारखे जपलेले. आता बरे झाले तरी झोपताना कोणीतरी खोलीत बसून राहावे असा त्याचा हुकूम. उठले की आकांत. ठरले असे की, मुलाला मायेने निजवायचे, दार लावायचे आणि रडले तरी परत जायचे नाही. पहिल्या रात्री ते पंचेचाळीस मिनिटे रडले. दहाव्या वेळेपर्यंत रडणे संपले होते. मग सुमारे आठवड्याने एकदा ते किंचाळले आणि त्या दिवशी निजवायला आलेली घरातली बाई परत जाऊन बसली. इंग्रजीत आत्या, मावशी, काकू सगळ्यांना एकच शब्द, तेव्हा ती यांपैकी कोणीही धरावी. झाले, सगळा आकांत पुन्हा पहिल्यापासून! दुसऱ्यांदा तीच पद्धत वापरून तो थांबवावा लागला. तान्ह्या बाळाला किंवा आजारी, घाबरलेल्या मुलाला असे रडू देऊ नये, हे येथे सांगितले पाहिजे. आणि झोपेच्या प्रश्नावर आज याहून सौम्य उपाय सुचवले जातात. पण टिपणातील ती आत्या आपल्या फार ओळखीची आहे. पाटसच्या थांब्यावर "दे गं बाई" म्हणाली ती तीच.

पुढे अमेरिकेत ऑरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी घरोघर निरीक्षक पाठवून भांडखोर मुले आणि त्यांचे आईबाप यांच्यातील देवाणघेवाण मिनिटामिनिटाला टिपून घेतली. त्यातून जे सूत्र हाती आले ते थांब्यावरील प्रसंगाला तंतोतंत लागू पडते. मूल ओरडते, आई नाही म्हणते, मूल अधिक ओरडते, आई देते, ओरडणे थांबते. यात मुलाला पुडा मिळाला, म्हणून पुढच्या वेळी ते ओरडणार. पण आईलाही काही मिळाले. तिला शांतता मिळाली, म्हणून पुढच्या वेळी ती देणार. दोघे एकमेकांना शिकवीत आहेत, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही. मधल्या धपाट्याने फक्त दोघांचा आवाज वाढवला. मुलाने पहिल्या "नाही"चा अर्थ "अजून जोरात" असा लावला यात त्याचा लबाडपणा नाही; त्याला तसा अनुभव होता.

यावरचे उपाय ऐकताना साधे वाटतात. मूल नीट वागत असते तेव्हा त्याच्याकडे आपले लक्ष नसते. ते तेव्हाच द्यावे, आणि "शहाणा आहेस" असे मोघम न म्हणता "पिशवी धरून उभा राहिलास, मला बरे वाटले" असे नेमके सांगावे. सूचना एक द्यावी, छोटी द्यावी. निरुपद्रवी आकांताकडे पाठ करावी. "नाही" म्हणायचे ते पाळता येईल तेव्हाच म्हणावे, नाहीतर पहिल्यांदाच "घे" म्हणावे. परिणाम भोगायला लावायचा तर तो लहान, लगेच आणि दर वेळी तोच असावा. आणि पाठ केल्यावर आकांत आधी वाढतो व मग उतरतो, हे आईला आधीच सांगून ठेवावे. न सांगितल्यास ती नेमकी वाढलेल्या क्षणी हार मानते आणि मूल शिकते ते, तेवढे ओरडावे लागते हे. या गोष्टी सांगून येत नाहीत, करून याव्या लागतात. म्हणून प्रशिक्षण. सायकलीवरचे पुस्तक वाचून सायकल येत नाही, तसेच हे.

येथे आपल्या परंपरेशी एक खरा वाद उभा राहतो. गिजुभाई-ताराबाईंना हे कौतुकाचे हिशेब रुचले असते काय? मूल म्हणजे सर्कशीतले जनावर आहे काय, असे त्यांनी विचारले असते, आणि तो आक्षेप पोकळ नाही. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी केलेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात, चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीतील मुलांना चित्रासाठी आधी बक्षीस कबूल केले, तेव्हा नंतर मोकळ्या वेळात ती चित्रांकडे कमी वळली. न सांगता बक्षीस दिलेल्या मुलांत तसे झाले नाही. म्हणजे लाच आणि दखल यांत फरक आहे. जे काम मुलाला मुळात आवडते तेथे आमिष घातक, हे गिजुभाईंचे म्हणणे प्रयोगाने उचलून धरले. पण जेथे आई आणि मूल एकमेकांच्या ओरडण्यात अडकून पडले आहेत तेथे मुलाला काम द्या एवढे सांगून भागत नाही. आधी तो गुंता सोडवावा लागतो. दोन्ही विचारांची जागा वेगवेगळी आहे, आणि दोघांनाही छडी नामंजूर आहे.

मराठीत हा संवाद पुढे चालू राहिला तो पुण्यातून. शोभा भागवत यांचे 'आपली मुलं' अनेक घरांत पोचले, त्यांचे बालभवनातील काम कित्येकांनी जवळून पाहिले. १९८७ साली संजीवनी कुलकर्णी यांनी 'पालकनीती' मासिक सुरू केले. पालकांना एकेरी उपदेश न करता त्यांच्याशी वाद घालणारे, बापालाही पालक मानणारे हे मासिक. पुढे त्यांच्याच परिवाराने कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीत खेळघर चालवले, म्हणजे दादर ते बोर्डी हाच प्रवास त्यांनी पुण्यातल्या पुण्यात केला. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगथ' संस्थेने आणखी एक पाऊल टाकले. स्वमग्न मुलांच्या आईबापांना तज्ज्ञाऐवजी प्रशिक्षित साध्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन शिकवावे, आईमुलाच्या खेळाचे चित्रण त्यांनाच दाखवून त्यावर बोलावे, अशी ती पद्धत. गोवा आणि रावळपिंडी येथील ६५ मुलांवर घेतलेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. आईबापांचा मुलाला मिळणारा प्रतिसाद सुधारला, मुले स्वतःहून अधिक बोलू पाहू लागली. सगळ्याच बाबी सुधारल्या नाहीत, पण डॉक्टर नसलेली, बोली जाणणारी व्यक्ती हे काम करू शकते, एवढे सिद्ध झाले. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही मुलांवरील हिंसा टाळण्यासाठी पालकांसाठीच्या अशा कार्यक्रमांची शिफारस केली.

आता पुन्हा पाटसला येऊ. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेतली छडी बंद केली. घरातली छडी कायद्याच्या कक्षेत जवळपास नाही, आणि केवळ कायदा करून ती जाईल असेही मला वाटत नाही. प्रश्न असा आहे की, छडी खाली ठेवल्यावर हातात काय द्यायचे? आणि कोणाच्या हातात? या भागात कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडणीची जोडपी येतात. नवराबायको मिळून एक कोयता. त्यांची मुले एक तर फडाच्या कडेला असतात, नाहीतर सहा महिने गावी आजीजवळ. या मुलाचा पालक कोण? थकून खोपीवर आलेली आई, का दोनशे किलोमीटरवरची आजी? स्थानिक घरांतही बाप पाळीवर, आई शेतात आणि मूल आजीच्या नाहीतर मोबाइलच्या हवाली. आणि आपले सारे पालकशिक्षण मात्र संध्याकाळी सहाला, शहरात, वाचता येणाऱ्या आईसाठी भरते.

यंत्रणा नाही असे नाही. १९७५ पासून अंगणवाडी आहे आणि तिच्या नावातच अनुताईंचे अंगण आहे. २०२२ साली 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या मोहिमेत राज्यात गावोगाव मातांचे गट झाले. त्यांत मोजणी, ओळख, खेळ शिकवले गेले. त्याच गटात, त्याच अंगणात, हट्ट करणाऱ्या मुलाशी कसे वागावे हे करून पाहायला काय हरकत आहे? फक्त गटाचे नाव माता असले तरी आजीला आधी बोलवावे. विल्यम्सच्या टिपणाने पासष्ट वर्षांपूर्वी सांगितले ते हेच, की घरातली एक व्यक्ती शिकलेली नसेल तर बाकीच्यांचे शिक्षण एका रात्रीत वाया जाते. बापालाही बोलवावे, पण पाळी सुटल्यावरच्या वेळी. आणि तोडणीच्या टोळीसाठी ते अंगण खोपीपर्यंत न्यावे, जसे कोसबाडला कुरणापर्यंत नेले होते.

त्या दिवशी एसटी आली तेव्हा मुलगा पुडा संपवून आईच्या खांद्यावर झोपला होता. आईच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शरम होती. आजूबाजूचे आपण सारे तिच्याकडे पाहत होतो, आणि आमच्या नजरेत सव्वाशे वर्षांपूर्वीचे ते बंधपत्रच होते. तिला काय येत नाही हे प्रत्येकाला ठाऊक होते. तिला ते शिकवायचे कोणी, हे मात्र कोणी विचारले नाही.